नेसची लांकूडकामाची शाळा

हातानें एखादी वस्तु घडविण्याची हौस उत्पन्न झाली कीं मनुष्य प्रथम बाजारांत जातो आणि करवत, रंधा, पटाशी अशी हत्यारांची पेटीच घरीं आणतो. पुढें ती पेटी माळ्यावर पडते, हें निराळें. ऑटो सालोमोन या स्वीडिश शिक्षकाचा मार्ग अगदीं उलट होता. त्याच्या शाळेंत नवशिक्याच्या हातीं प्रथम पडे तो साधा चाकू.

ही शाळा गोथेनबर्ग शहराजवळ नेस नांवाच्या इस्टेटीवर होती. सालोमोनचा मामा, व्यापारी ऑगस्ट अब्राहमसन, यानें ती १८६८ सालीं विकत घेतली. त्या देशांत हिंवाळ्याच्या लांबलचक रात्रीं शेतकरी घरीं बसून पळ्या, दांडे, खुर्च्या घडवीत. या गृहकलेस ‘स्लॉइड’ म्हणत. कारखान्यांचा स्वस्त माल खेड्यांत येऊं लागला तशी ती मागें पडली, आणि रिकामा वेळ गुत्त्यांत जाऊं लागला, अशी सुधारकांची तक्रार होती. १८७२ मध्यें मामा-भाच्यांनीं मुलांसाठीं शाळा काढली ती त्यांस धंदा शिकवावा याच हेतूनें.

१८७७ सालीं सालोमोन फिनलंडांत उनो सिग्नेयस याच्या भेटीस गेला आणि त्याची दृष्टि पालटली. सिग्नेयस मूळचा पाद्री. अलास्कांतील सिटका येथें रशियन अंमलांत त्यानें कांहीं वर्षें काढलीं होतीं. फिनलंडच्या १८६६ च्या शिक्षणकायद्यांत हस्तकामास स्थान मिळालें तें त्याच्या खटपटीनें. शाळेंतील लांकूडकाम पोटासाठीं नव्हे, तर हात, डोळा व मन यांच्या वाढीसाठीं आहे, असा त्याचा सिद्धांत होता.

त्या काळीं मॉस्कोच्या तांत्रिक शाळेंतील पद्धति नांवाजलेली होती. तींत विद्यार्थी नुसते सांधे व खांचा करण्याचा सराव करी. नेसला हें मान्य नव्हतें. तेथें प्रत्येक नमुना म्हणजे घरांत उपयोगी पडणारी पुरी वस्तु, आणि ती आरंभापासून शेवटपर्यंत एकाच्याच हातची. प्रथम टोंकदार काडी, रोपट्याच्या आधाराची काठी. मग पळी, कुऱ्हाडीचा दांडा. पेटी, टेबल हें फार पुढचें. चाकू पहिला, कारण शेतकऱ्याच्या मुलाच्या तो ओळखीचा असे. पळीवर विशेष भर, कारण तिचीं वळणें पट्टीनें मापतां येत नाहींत. डोळ्यानें पाहावीं, बोटांनीं चांचपावीं, पुन्हां तासावीं. सरळ फळी रंधून झाली कीं काम आटोपलें असें वाटणाऱ्यास येथेंच आपला हात किती कच्चा आहे तें कळतें.

शिकविणारा कारागीर नसून शाळामास्तर असावा, हा सालोमोनचा आग्रह मात्र कुशल सुतारास थोडा अन्यायाचाच होता.

१९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें भरलेल्या शिक्षणपरिषदेनेंहि हस्तव्यवसायास शिक्षणाच्या मध्यभागीं बसविलें. परंतु त्याच्या उत्पन्नांतून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा, अशी तेथें अपेक्षा होती. सालोमोन नेमका हाच मार्ग सोडून आला होता. ज्या पळीवर मास्तरांचा पगार अवलंबून आहे ती बिघडविण्याची मुभा मुलास कशी मिळणार? आणि न बिघडवितां पळी कोणास साधली आहे? उलट, भुकेल्या देशास नेसची चैन परवडती काय, हाहि प्रश्न खोटा नव्हता.

अब्राहमसन १८९८ मध्यें वारला व इस्टेट मृत्युपत्रानें सरकारकडे गेली. सालोमोन १९०७ मध्यें गेला. देशोदेशींचे शिक्षक त्यानंतरहि नेसला येत राहिले. स्वीडनच्या शाळांत स्लॉइड आजहि सक्तीचा विषय आहे, आणि तेथील पुष्कळ घरीं पावास लोणी लावावयास जो लांकडी चाकू निघतो तो मुलानें शाळेंत कोरलेला असतो.