बोलक्या फळीची कुळकथा

तोंडाने बोलू न शकणाऱ्या स्वमग्न मुलाच्या हाती आज जो बोलका टॅब किंवा मोबाइल दिसतो, त्याचा मूळपुरुष एक साधी फळी आहे. ती स्वमग्न मुलांसाठी केलेलीही नव्हती. 1920च्या दशकात अमेरिकेत एफ. हॉल रो नावाचे सेरेब्रल पाल्सी असलेले गृहस्थ होते. अक्षरं आणि नेहमीचे शब्द लिहिलेल्या फळीवर बोट ठेवून ते लोकांशी बोलत. त्यांच्या फळीच्या प्रती काढून वाटल्या गेल्या आणि घराणं सुरू झालं.

फळीवर अक्षरांऐवजी चिन्हं आली तो किस्सा विक्षिप्त आहे. चार्ल्स ब्लिस हे नाझी छळछावणीतून सुटून शांघायला पोचलेले ज्यू गृहस्थ. तिथली चिनी लिपी पाहून त्यांनी साऱ्या जगाला समजेल अशी चिन्हलिपी रचली आणि 1949 साली ग्रंथ छापला. राष्ट्राराष्ट्रांतले गैरसमज मिटावेत हा हेतू. राष्ट्रांनी ढुंकून पाहिलं नाही. 1971मध्ये टोरांटोत शर्ली मॅकनॉटन या शिक्षिकेच्या हाती ती चिन्हं लागली आणि सेरेब्रल पाल्सीची मुलं त्यांतून बोलू लागली. शिक्षकांनी चिन्हांत फेरफार केले म्हणून पुढे ब्लिस त्यांच्याशीच भांडले, तो भाग सोडून देऊ.

आपल्याकडेही ही वाट सेरेब्रल पाल्सीवरूनच आली. मिथू अलूर यांनी 1972 साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली. त्यांची मुलगी मालिनी चिब ‘लाइटरायटर’ हे बोलकं टंकयंत्र वापरते. आजारपणात वाचा गेलेल्या टोबी चर्चिल या इंग्रज अभियंत्याने 1973 साली ते मुळात स्वतःसाठी बनवलं होतं. मालिनीने एका बोटाने टंकून लिहिलेलं आत्मचरित्र 2010 साली आलं. तिची अडचण उघड होती: सांगायचं पुष्कळ, जीभ आणि हात साथ देत नाहीत.

स्वमग्न मुलाचा पेच निराळा. हात चालतो, डोळा तल्लख असतो, पण बोलणं म्हणजे समोरच्या माणसाला काहीतरी पोचवणं, तिथेच बिनसतं. अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांना डेलावेअरमध्ये हेच दिसलं. मुलं चित्राकडे बोट करायची, पण खोलीत कुणी पाहतंय की नाही याचं त्यांना सोयरसुतक नसायचं. म्हणून 1985मध्ये त्यांनी नियम केला: बोट दाखवायचं नाही, चित्र उचलून माणसाच्या हातात द्यायचं, मग वस्तू मिळेल. हीच ‘पेक्स’ पद्धत. वेल्क्रोच्या पट्टीवरची चित्रं, बाकी काही नाही. माझ्या मते या साऱ्या कुळातला सगळ्यांत बुद्धिमान शोध हाच, आणि त्यात एकही तार नाही.

पुढची पिढी विजेची. 2010मध्ये आयपॅड आला आणि महागडी परदेशी यंत्रं एकदम म्हातारी वाटू लागली. चेन्नईत अजित नारायणन यांनी त्याच सुमारास ‘आवाज’ हे यंत्र केलं, 2012मध्ये त्याचं अ‍ॅप झालं. मुंबईत आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन शाळेत रवी पूवय्या यांच्या गटाने ‘उम्मीद’ या बालविकास केंद्राच्या सोबतीने ‘जेलो’ हे अ‍ॅप घडवलं. ते फुकट आहे आणि मराठीत बोलतं. मराठीत यंत्राची परीक्षाच असते. ‘मी’, ‘शाळा’, ‘जाणे’ अशी तीन चित्रं दाबली तर ‘शाळा’ची ‘शाळेत’ व्हायला हवी आणि मुलगा असेल तर ‘जातो’, मुलगी असेल तर ‘जाते’. जेलोने वाक्यं आधीच बांधून ठेवली. चित्राच्या दोन्ही बाजूंना भावनेची सहा बटणं असतात: आवडतं, हो, अजून आणि त्यांच्या उलट तीन. नकाराला अशी कायमची जागा मिळाली हे फार चांगलं झालं. घरी केलेल्या बोर्डवर पाणी, चेंडू, बिस्कीट असतं, ‘नको’ बहुधा राहून जातं. मग मूल ताट भिरकावून ‘नको’ म्हणतं.

पडद्याने मात्र एक जुना रोग परत आणला. कोपऱ्यात बसून मूल एकच चित्र पन्नासदा दाबतं, आवाज येतो, ऐकणारा कुणी नाही. संशोधक कॉनी कसारी यांच्या 2014च्या अभ्यासात अगदी थोडं बोलणारी, पाच ते आठ वर्षांची 61 मुलं होती. खेळत-बोलत शिकवण्यात बोलकं यंत्र पहिल्यापासून असलेल्या मुलांची प्रगती अधिक झाली. पण त्या खेळात मोठी माणसंही यंत्रावर बोट ठेवून बोलत होती. ‘यंत्र दिलं तर पोर तोंड उघडायचंच नाही’ ही आईबापांची भीती सगळीकडे सारखी. 2006च्या एका आढाव्यात वेगवेगळ्या अपंगत्वांच्या 27 जणांची नोंद तपासली गेली. एकाचंही बोलणं मागे गेलं नव्हतं.

शिरूर कासारला या कुळकथेचा पुढचा अंक अवघड आहे. सिंदफणेकाठच्या या तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांचे कोयते बाहेर पडतात ते उन्हाळा लागेपर्यंत. शाळेतल्या बाईंनी बोर्डवर बोट ठेवायची सवय लावावी, तर मूल टोळीबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात. घरात एकच स्मार्टफोन, तो दिवसभर बापाच्या खिशात, मुकादमाच्या फोनची वाट बघत. आणि अ‍ॅपमध्ये पलंग, बाग, लिफ्ट असेल. कोपी, फड, मोळी, बैलापुढचं वाढं यांची चित्रं कुणीतरी काढून घालायला हवीत. ते जमतं, घरच्या माणसांचे फोटोसुद्धा घालता येतात. तोच पडदा कागदावर छापून, तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घ्यावा. चित्रांच्या जागा मोबाइलमध्ये आणि कागदावर सारख्याच ठेवाव्यात, नाहीतर मुलाला सगळं नव्याने शोधावं लागतं. एक प्रत दप्तरात, दुसरी कोपीच्या मेढीला आणि तिसरी ऊस तोडून आलेल्या आईच्या हाती, एवढं सांगून: तिनेही भाकरी वाढताना ‘भाकरी’वर बोट ठेवायचं.