रेडिओचा काटा आणि दोन भारत

आज एका रेडिओपासून सुरुवात करतो.

माझे आजोबा नोकरीसाठी इंदूरला आले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत माळवी, कचेरीत हिंदी. १९५० च्या दशकात त्यांनी रेडिओ घेतला. तेव्हा रेडिओ ठेवायलाही सरकारी परवाना लागायचा. पोस्टात पैसे भरायचे आणि पुस्तिकेत तिकीट चिकटवून घ्यायचं. आजोबांची ती पुस्तिका आजही माझ्याकडे आहे.

सकाळी रेडिओ आजोबांचा. बातम्या आणि शास्त्रीय गायन. बुधवारी रात्री आठ वाजता मात्र माझे वडील, तेव्हा शाळकरी पोर, काटा सरकवून सिलोन लावायचे. आजोबा चिडायचे, ‘घरचं स्टेशन सोडून परदेशी कशाला?’ गंमत अशी, की त्या परदेशी स्टेशनवर आपल्याच मुंबईची गाणी लागत होती आणि घरच्या स्टेशनवर ती मिळत नव्हती. असं का झालं? या प्रश्नात आपल्या देशाने स्वतःची ओळख कशी घडवली, त्याचा एक मोठा धडा आहे.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. जन्म पुण्याचा, उच्च शिक्षण पॅरिसचं, आणि शास्त्रीय संगीतावर निष्ठा. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. या देशाचा आवाज कसा असावा, हे ठरवायची जबाबदारी आपल्यावर आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांच्या दृष्टीने सिनेमाची गाणी म्हणजे पाश्चात्त्य चालींची उसनवारी, आणि त्यातले शब्द थिल्लर. म्हणून आकाशवाणीवर या गाण्यांसाठी एकूण वेळेच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली गेली. गाणं लावताना सिनेमाचं नाव सांगायचं नाही, कारण ती फुकटची जाहिरात होते, असंही ठरलं. निर्माते बिथरले आणि त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. काही महिन्यांत सिनेमाचं गाणं आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसं झालं.

शुद्धतेचा हा आग्रह केसकरांपासून सुरू झाला, असं मात्र समजू नका. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. हे वाद्य विलायती, त्यात मींड निघत नाही, आपल्या श्रुती त्यात बसत नाहीत, असा आक्षेप. त्यावर इंग्रज अधिकारी आणि रवींद्रनाथ टागोर यांचं एकमत झालं होतं! ज्या पेटीवर आपली संगीत नाटकं उभी राहिली, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी जिला गायला लावलं, तिला १९७० च्या दशकापर्यंत रेडिओचं दार बंद होतं. देशाची प्रतिमा रंगवायला बसलं की आधी काहीतरी पुसलं जातं, ते असं.

भाषेचंही तेच झालं. स्वातंत्र्यापूर्वी रेडिओवर हिंदुस्थानी नावाची मिसळलेली भाषा चालायची, आणि तिच्यात उर्दू किती, हिंदी किती, यावर भांडणं होती. फाळणीनंतर पारडं फिरलं. बातम्यांच्या हिंदीत संस्कृत शब्दांची इतकी भर पडली, की ही भाषा आपल्याला कळत नाही, अशी तक्रार खुद्द पंतप्रधान नेहरूंनी केली.

आता समुद्रापलीकडे बघू. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेलं शक्तिशाली प्रक्षेपण केंद्र श्रीलंकेच्या, म्हणजे तेव्हाच्या सिलोनच्या हाती आलं होतं. त्याच्या लघुलहरी साऱ्या भारतात पोचत. तिथे जाहिरातींना मुभा होती. डिसेंबर १९५२ मध्ये बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, त्याच्या फिती कोलंबोला जायच्या आणि तिथून आवाज परत आपल्याच घरात यायचा. दिल्लीने दार लावलं आणि गाणं वळसा घालून खिडकीतून आलं!

त्या आवाजाची, अमीन सायानींची भाषा कुठून आली, हे ऐकण्यासारखं आहे. घर गुजरातीभाषक. त्यांच्या आई कुलसुम सायानी प्रौढशिक्षणाचं काम करायच्या. गांधीजींच्या प्रेरणेने त्या ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढत. भाषा एकच, सोपी हिंदुस्थानी. लिप्या तीन, देवनागरी, उर्दू आणि गुजराती. त्या कामात हातभार लावता लावता मुलगा ती भाषा शिकला. म्हणजे गांधीजींना हवी असलेली जी हिंदुस्थानी सरकारी बातम्यांतून बाहेर पडली, ती टूथपेस्टच्या जाहिरातीबरोबर घरोघरी पोचली. ‘बहनो और भाइयो’ ऐकताना हा कोणत्या प्रांताचा, कोणत्या धर्माचा, असं कुणी विचारत नव्हतं. माझ्या वडिलांचं हिंदी शाळेतल्या पुस्तकाने घडवलं नाही, ते बुधवारच्या त्या तासाने घडवलं.

पण केसकरांना नुसतं हसून सोडून दिलं, तर तो अन्याय होईल. संस्थानं विलीन झाली, तेव्हा गवयांचे आश्रयदाते गेले. त्या काळात आकाशवाणीने कलावंतांना पगार दिला, श्रोता दिला. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आजवर दरबारात आणि खासगी बैठकीत अडकलेलं गाणं आमच्या आजोबांसारख्या कारकुनाच्या ओसरीवर आलं. सिनेगीतांना पर्याय म्हणून सुगम संगीतालाही बळ मिळालं. याच वातावरणात १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. वर्षभरात छप्पन्न गीतं! आता बघा, ती लिहिणारे ग. दि. माडगूळकर आणि स्वरबद्ध करणारे सुधीर फडके, दोघंही सिनेमात मुरलेले. ज्या सिनेमाला दारातून घालवलं, त्याच्याच माणसांनी आकाशवाणीला तिचा सर्वांत लाडका कार्यक्रम दिला.

शेवटी सरकारनेही ओळखलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाचं गाणं सन्मानाने घरी परतलं. पाच वर्षांत धोरण बदललं, ते कुठल्या मोर्चामुळे नव्हे. लाखो घरांत गुपचूप सरकलेल्या काट्यामुळे.

‘आकाशवाणी’ या नावाचीही अशीच गोष्ट आहे. आपल्याला ते दिल्लीचं वाटतं. प्रत्यक्षात १९३५ साली म्हैसूरचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी स्वतः चालवलेल्या केंद्राला ते दिलं होतं. दक्षिणेत रुजलेलं हे नाव पुढे देशाचं झालं. तमिळनाडूने मात्र आपला ‘वानोली’ हा शब्द सोडला नाही. २०२३ मध्ये इंग्रजीतही ‘ऑल इंडिया रेडिओ’ऐवजी ‘आकाशवाणी’च म्हणायचं ठरलं, तेव्हा तिथून पुन्हा विरोध झाला. काहींना तो हट्ट वाटला. मला त्यात माझे वडील दिसतात. देशावर त्यांचं प्रेम कमी नव्हतं. त्यांना देशाच्या आवाजात आपलाही आवाज हवा होता, इतकंच.

आज तो काटा आपल्या बोटात आहे, मोबाइलच्या पडद्यावर. देश कसा दिसावा, कोणत्या भाषेत बोलावा, यावर भांडणं आजही तीच. म्हणून एक काम सांगतो. घरात कुणी सत्तरी ओलांडलेलं असेल, तर त्यांना आज विचारा, ‘तुम्ही कोणतं स्टेशन ऐकायचा?’ आणि मग विचारा, ‘चोरून कोणतं ऐकायचा?’ दुसरं उत्तर लिहून ठेवा. पाठ्यपुस्तकात ते मिळणार नाही.