हरवलेला मूकपट, उरलेली मोहिनी

थीडा बाराने क्लिओपात्राची भूमिका केलेला, जे. गॉर्डन एडवर्ड्स दिग्दर्शित मूकपट (१९१७) आज काही क्षणांचे तुकडे आणि छायाचित्रे यांपुरताच उरला आहे. निर्मात्या फॉक्स कंपनीचा मूकपटांचा साठा १९३७ साली न्यू जर्सीतील लिटल फेरी येथे आगीत जळाला. दृश्यांचा क्रम, अभिनयाची गती, नायिकेच्या हेतूंचा उलगडा हे सारे लोपले. टिकली ती प्रसिद्धियंत्रणेने घडविलेली निर्दय मोहिनी. सिनसिनाटीत जन्मलेल्या थिओडोशिया गुडमनला याच यंत्रणेने ‘थीडा बारा’ म्हणून इजिप्तची कन्या ठरविले होते. परिणामी, अशा मूकपटाविषयी निवाडा देणारा समीक्षक बहुधा कलाकृतीऐवजी जाहिरातच वाचत असतो. क्रौर्य नायिकेचे की तिची प्रतिमा विकणाऱ्यांच्या कल्पनेचे, हा प्रश्न म्हणूनच मिटलेला मानता येत नाही.