मुलूखमैदानाची वाट

सभा गाजवणाऱ्या वक्त्याला आपण कौतुकाने ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो. पण ती मूळची तोफ विजापूरच्या बुरुजावर पोचली कशी, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही.

ही तोफ १५४९ साली महंमद बिन हसन रूमी याने अहमदनगरास ओतली. लांबी १४ फुटांहून अधिक, वजन सुमारे ५५ टन! पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ साली आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ती विजापुरास नेली. त्या कामी १० हत्ती, ४०० बैल आणि शेकडो माणसे लागली, असे सांगतात. वाटेत भीमा आडवी. जोडीची ‘कडक बिजली’ ही तोफ त्याच नदीत बुडाली, अशी आख्यायिका आहे. ओतणाऱ्याचे नाव राहिले, नेणाऱ्याचेही राहिले. दोर धरणाऱ्यांपैकी मात्र एकाचेही नाव आपल्यापर्यंत आले नाही.

आणि खरा धोका तर त्यांनाच! चढावर ओझे मागच्यांवर लोटते, उतारावर पुढच्यांवर धावते. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा उलटतो. म्हणूनच अवजड कामात पहिला प्रश्न एकच: वजन किती? त्याचे उत्तर काढण्याची युक्ती याच मुरार जगदेवाच्या नावाने सांगतात. १६३३ साली भीमा-इंद्रायणीच्या संगमावर नावेत हत्ती चढवून नाव किती बुडाली तिथे खूण केली. मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत दगड भरले आणि ते दगड तोलले. त्या तुलेवरून गावाला तुळापूर हे नाव पडले.

स्वतंत्र भारताने १९४८ च्या कारखाना कायद्यात हेच शहाणपण घातले. इजा होईल एवढे ओझे कोणाला उचलायला लावू नये. उचलयंत्रावर त्याची सुरक्षित क्षमता लिहावी. वर्षातून एकदा तरी त्याची कसून तपासणी व्हावी.

तरीही १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळई बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जण प्राणास मुकले.

अकोला-नांदेड हमरस्त्यावरच्या आमच्या कनेरगाव नाक्यासारख्या गावांना अवजड वाहने नवी नाहीत. मुले त्यांची चाके मोजतात. वाचकहो, त्यांना आणखी एक गोष्ट मोजायला शिकवू या: त्या ओझ्याच्या आसपास माणसे किती उभी आहेत!