मौन म्हणजे संमती? टेलिफोन कंपनी आणि गिऱ्हाइकाची नोंद

मागच्या वेळी आपण तारयंत्राचा इतिहास पाहिला. आज टेलिफोनकडे वळू. टेलिफोन कंपनीकडे गिऱ्हाइकाची जी माहिती साठते ती तिने दुसऱ्याला द्यावी की नाही, हा वाद अमेरिकेत जवळजवळ पन्नास वर्षं चालू आहे. त्याची हकीकत पाहिली तर सगळं भांडण एका प्रश्नापाशी येऊन थांबतं : गिऱ्हाईक गप्प बसलं, म्हणजे ते हो म्हणालं असं धरायचं का? 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपल्या परिचयाचं आहे. लग्नाच्या बोलणीत मुलगी गप्प राहिली की वडीलधारी मंडळी तेच म्हणायची. तिच्या मनात काय होतं, ते कोणी विचारायचं नाही.

आधी एक भेद लक्षात घेऊ. फोनवरचं बोलणं वेगळं आणि बोलण्याची नोंद वेगळी. कोणाला फोन केला, कधी, किती वेळ, कुठून, ही झाली नोंद. ती कंपनी चोरून गोळा करत नाही. बिल करायचं तर ती ठेवावीच लागते. म्हणून प्रश्न नोंद ठेवण्याचा नाही, ती पुढे देण्याचा आहे.

1979 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे बाल्टिमोरचं एक प्रकरण आलं, 'स्मिथ विरुद्ध मेरीलँड'. एका बाईला लुटलं गेलं आणि नंतर लुटारू म्हणवणाऱ्या माणसाचे धमकीचे फोन तिला येऊ लागले. पोलिसांच्या सांगण्यावरून फोन कंपनीने संशयिताने फिरवलेले नंबर टिपणारं यंत्र आपल्या एक्स्चेंजमध्ये बसवलं. वॉरंट नव्हतं. कोर्ट म्हणालं, नंबर फिरवताना तो त्याने स्वतःहून कंपनीला सांगितलाच. मग तो खाजगी कसा? न्यायमूर्ती मार्शल यांनी मात्र विरोधी मत नोंदवलं. फोनशिवाय ज्याचं चालत नाही, त्याला हा धोका पत्करण्यावाचून पर्याय काय, असा त्यांचा मुद्दा होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

1996 साली दूरसंचार कायदा आला. त्याच्या 222व्या कलमाने सांगितलं की ज्या सेवेतून ही नोंद तयार झाली, त्या सेवेपुरतीच कंपनीने ती वापरावी. एरवी गिऱ्हाइकाची मंजुरी हवी. चांगलं कलम होतं. पण मंजुरी म्हणजे काय, हे कायद्याने सांगितलंच नाही! दूरसंचारावर देखरेख करणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने 1998मध्ये अर्थ लावला : मंजुरी म्हणजे स्पष्ट होकार. आधी विचारा, मग वापरा. यूएस वेस्ट ही कंपनी कोर्टात गेली, आणि 1999मध्ये डेन्व्हरच्या अपील कोर्टाने नियम रद्द केला. कारण बघा काय दिलं : आपल्या गिऱ्हाइकांना जाहिरात करणं हे कंपनीचं भाषणस्वातंत्र्य आहे, त्यावर एवढं बंधन कशाला? 2002मध्ये कमिशनने तडजोड केली. कंपनीच्या स्वतःच्या जाहिरातीसाठी 'नको असेल तर कळवा' एवढं पुरे झालं. बिलासोबत आलेला बारीक अक्षरातला कागद कोणी वाचला नाही, तर तो होकार.

तोवर या नोंदींचा बाजार उभा राहिला होता. 2006च्या जानेवारीत एका ब्लॉगलेखकाने जनरल वेस्ली क्लार्क यांच्या मोबाइल कॉलची यादी इंटरनेटवरून नव्वद डॉलरच्या आत विकत घेऊन दाखवली. क्लार्क म्हणजे 'नाटो'चे माजी सरसेनापती. त्यांची ही गत, तर बाकीच्यांचं काय? त्याच वर्षी ह्युलेट-पॅकार्डने नेमलेल्या तपासनिसांनी संचालकांच्या आणि पत्रकारांच्या नोंदी मिळवल्याचं उघड झालं. पद्धत साधी होती : कंपनीला फोन करायचा आणि मीच तो गिऱ्हाईक असं सांगायचं. मग 2007मध्ये असं सोंग घेणं गुन्हा ठरलं, आणि कमिशनने पासवर्डची अट घातली. भागीदार आणि कंत्राटदार कंपन्यांना जाहिरातीसाठी माहिती देण्याआधी स्पष्ट होकार सक्तीचा झाला.

एवढ्यात फोन खिशात आला होता. मोबाइल जवळच्या टॉवरशी संपर्क ठेवतो, आपण बोलत नसलो तरी. म्हणजे नोंदीत आता माणसाचा ठावठिकाणाही आला. तो कळणं म्हणजे काय, हे मारकुट्या नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या बाईला विचारा.

2018मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापलं की मिझुरी राज्यातला एक शेरीफ, कोर्टाच्या आदेशाशिवाय, लोकांचे ठावठिकाणे काढत होता. पुढच्या जानेवारीत 'मदरबोर्ड'च्या वार्ताहराने 300 डॉलर देऊन एका फोनचा पत्ता मिळवला. कंपनी ही माहिती मध्यस्थाला विके, मध्यस्थ पुढच्याला, तो आणखी पुढच्याला. आणि होकार कोणी घ्यायचा? तर शेवटच्याने! करारात तसं लिहिलं होतं. ज्या कंपनीला गिऱ्हाईक पैसे देत होतं, तिने त्याला विचारलंच नव्हतं.

एप्रिल 2024मध्ये कमिशनने एटी अँड टी, व्हेरायझन, टी-मोबाइल आणि स्प्रिंट यांना मिळून सुमारे 20 कोटी डॉलर दंड केला. होकार घेण्याची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही, असं बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या. 2025मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या कोर्टाने एटी अँड टीचा दंड रद्द केला, कारण ज्युरीपुढे खटला न चालवता तो ठोठावला होता. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या कोर्टांनी मात्र बाकीच्यांचे दंड कायम केले.

सरकारच्या बाबतीत गाडी थोडी पुढे गेली. 2018च्या 'कार्पेंटर' खटल्यात पोलिसांनी एकाच्या 127 दिवसांच्या टॉवर-नोंदी मिळवल्या होत्या. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की अशा नोंदींना साधारणपणे वॉरंट लागेल. मोबाइलशिवाय आज जगता येत नाही, म्हणून ही माहिती माणूस स्वतःहून देतो असं म्हणता येत नाही. मार्शल यांचा मुद्दा एकोणचाळीस वर्षांनी बहुमतात आला.

आपल्याकडे 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात संमतीची व्याख्या स्वच्छ आहे : मोकळेपणाने, माहिती घेऊन आणि स्पष्ट कृतीने दिलेली. म्हणजे कागदावर तरी मौन ही संमती नाही. पण अमेरिकेतही 1996चा कागद चांगलाच होता. भांडण झालं ते विचारायचं कोणी आणि कसं, यावर. म्हणून नवं सिमकार्ड घेताना 'मी सहमत आहे'च्या खुणेवर बोट ठेवण्याआधी आपण एवढंच विचारू या : सहमत कशाशी, आणि माहिती पुढे कोणाकडे जाणार?