ज्वारी, कडबा, देवणी: शिरूर अनंतपाळची जुनी परिसंस्था

लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळच्या काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी हाच शेतीचा कणा होता. बेसाल्ट झिजून तयार झालेली ही माती पावसाळ्यात फुगून पाणी धरते आणि उन्हाळ्यात खोल भेगाळते. त्या साठलेल्या ओलीवरच रब्बीची ज्वारी उभी राही.

कणसे माणसांची, कडबा गुरांचा, ही वाटणी ठरलेली. पेंढ्या बांधून बनीम रचायची आणि ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायची. शेजारच्या देवणीचे नाव लावणारी गाय-बैलांची जात याच चाऱ्यावर पोसली गेली. कडब्यातला चिवट तंतू माणसाला पचत नाही. गुराच्या पोटातले सूक्ष्मजीव मात्र तो फोडतात. शेण उकिरड्यावर साचे, जिवाणू आणि बुरशी ते कुजवत, आणि पेरणीआधी गाड्या भरून ते खत त्याच रानात पडे. उत्पादक, भक्षक, विघटक ही पाठ्यपुस्तकातली साखळी एका शेतकऱ्याच्या शिवारात पुरी होत असे.

खरिपात तूरही असे. तुरीचे रोप हलक्या हाताने उपटले की मुळांवर बारीक गाठी दिसतात; जोमदार गाठ चिरली तर आतून गुलाबी निघते. तिच्यातले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला उपयोगी रूपात आणतात. सजीव आणि त्यांच्याभोवतीची माती, पाणी, हवा ही मिळून एकच व्यवस्था होते, ही कल्पना इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये मांडली. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि तशी व्यवस्था इथे रोजच्या कामात चालू होती. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, उभ्या पिकात कोप (खोपटे) घालून, पांडव पुजून रानात आंबील शिंपडण्याची लातूर भागातली चाल याच शेतीतली. आंबीलही ज्वारीच्याच पिठाची.

१९९० नंतर सोयाबीन पसरले. शंभर-सव्वाशे दिवसांत रोख पैसा देणारे पीक शेतकऱ्याने उचलले, त्यात त्याला दोष देता येत नाही. पण भुसकटाला कडब्याची सर नाही. चारा कमी झाला, ट्रॅक्टर आला, दावणी रिकाम्या होत गेल्या आणि शेणखत घटले. सोयाबीनच्या मुळांवरही नत्राच्या गाठी असतात. मात्र त्या नत्राचा मोठा वाटा दाण्यात जातो आणि दाणा लातूरच्या आडतीतून तेलगिरण्यांकडे. स्फुरद तर कोणतीच गाठ तयार करत नाही. पूर्वी त्याचा बराचसा भाग शेणातून रानात परत येई. आता ते गोणीतून विकत आणावे लागते.