सौ., श्रीमती की गं. भा.?



लग्नपत्रिकेचा मसुदा करताना सगळ्यांत जास्त खल होतो तो बायकांच्या नावाआधी काय लावायचं यावर. नवरी 'चि. सौ. कां.', म्हणजे सौभाग्याची कांक्षा, इच्छा असलेली. काकू 'सौ.'. आणि आजेसासूबाई? कुणी म्हणतं 'श्रीमती', कुणी 'गं. भा.'. पुरुषांचं सोपं असतं. एकदा 'श्री.' लागलं की बायको असो वा नसो, ते 'श्री.'च.

ही पद्धत जुनी आहे. पेशवाईच्या काळातल्या पत्रांत नवरा हयात असलेल्या बाईला 'वज्रचुडेमंडित' असा मायना असे, कारण हातातला चुडा हीच तिची ओळख. पती गेलेल्या बाईला 'गंगाभागीरथी' लिहीत. हेतू आदराचाच, ती नदीसारखी पवित्र आहे असं सांगायचा. पण मायना वाचताच घरचं दुःख चारचौघांना कळे.

'श्रीमती'ची गोष्ट वेगळी. 'श्रीमान्'चं हे स्त्रीलिंगी रूप. श्री, म्हणजे शोभा, वैभव जिच्याकडे आहे ती. यात नवऱ्याचा उल्लेखच नाही. हिंदीत आजही लग्न झालेल्या बाईला श्रीमती म्हणतात. आपल्या मराठीत मात्र ते विधवेला चिकटलं, म्हणून एखाद्या सवाष्णीला चुकून 'श्रीमती' छापलं तर घरात रुसवेफुगवे होतात.

आपल्या पुराणातली श्रीमती आठवा. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात ती राजा वज्रजंघाची राणी आहे. हा वज्रजंघ पुढे भगवान ऋषभदेव झाला. दोघांनी मिळून वनात मुनींना आहार दिला. तिचाच जीव पुढे हस्तिनापूरचा श्रेयांस झाला. त्याला पूर्वभवातला तो आहार आठवला आणि त्याने ऋषभदेवांना इक्षुरस दिला. अक्षय्य तृतीया आपण त्यासाठीच पाळतो. नवऱ्याशेजारी उभं राहून दान देणारी ही श्रीमती! तिच्या नावात अशुभ ते काय?

'गं. भा.' तर जैन घरातल्या पत्रिकेत का असावं, हेच मला कळत नाही. नदीत स्नान केल्याने पुण्य लागतं असं मानणं ही लोकमूढता आहे, असं रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी सांगितलं आहे. तो ग्रंथ आपण स्वाध्यायाला घेतो आणि पत्रिकेत गंगा-भागीरथी छापतो.

'सौभाग्य' शब्दाचंही तसंच. तो 'सुभग'पासून आला. आपल्या कर्मसिद्धांतात सुभग हा नामकर्माचा एक प्रकार आहे, आणि तो ज्या त्या जीवाचा स्वतःचा असतो. नवऱ्याचं आयुष्य संपतं ते त्याचं आयुकर्म संपल्यामुळे. मग त्याच्या जाण्याने बायकोचं सौभाग्य कसं जातं? तिच्या पायगुणाला बोल लावणं तर धर्माच्या उलटच झालं.

मथुरेच्या कंकाली टीला इथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक शिलापट सापडला. दान देणारीचं नाव अमोहिनी. लेखात नवऱ्याचं नाव आहे, मुलांची नावं आहेत, आणि ती श्रमणांची श्राविका आहे हेही कोरलेलं आहे. भार्या ही तिची एक ओळख, श्राविका ही दुसरी, आणि ही दुसरी कुणाच्या जाण्याने पुसली जात नाही. आपल्या सोलापूरच्या पद्मश्री सुमतीबाई शहांना सगळे 'पंडिता' म्हणत, तेही त्यांच्या स्वतःच्या विद्येमुळे.

काळही बदलतोय. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पुढच्याच वर्षी सरकारी कामात 'विधवा'ऐवजी 'गं. भा.' लिहावं असा विचार राज्याच्या मंत्र्यांनी मांडला, तेव्हा मोठा विरोध झाला. बायकांना नवं विशेषण नको होतं, वेगळं काढणंच नको होतं.

आमच्या नात्यातल्या एक काकू पती गेल्यावर म्हणाल्या होत्या, "माझं नाव छापूच नका, उगीच कुणाला अपशकुन नको." चाळीस वर्षं ज्यांनी चौका सांभाळला, त्यागींना आहार दिला, त्या हे म्हणत होत्या! दोन अक्षरांनी माणूस एवढा मागे सरतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पत्रिका असो, मंदिरातली देणगीची पाटी असो की पंचकल्याणकाची यादी, सगळ्या बायकांना एकच 'श्रीमती' लावा, नाहीतर नुसतं नाव लिहा. आणि आजेसासूबाईंचं नाव गाळू नका. ते सगळ्यांत वर घ्या.